दिवाणखान्यातला इग्वाना

प्रश्न : आमचा सोळा वर्षांचा नातू हिरवा इग्वाना पाळायचा हट्ट धरून बसला आहे. दुकानदार म्हणतो, की हा परदेशी सरडा असल्यामुळे त्याला आपला वन्यजीव कायदा लागू नाही, तो पालाच खातो आणि कुणाला इजा करत नाही. घरात तीन वर्षांची नातही आहे. आम्ही होकार द्यावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानदाराच्या बोलण्यातले पाल्याचे तेवढे खरे आहे. कायद्याविषयी तो सांगतो तशी स्थिती पूर्वी होती. परंतु वन्यजीव (संरक्षण) कायद्यातील 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली आणि वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखालील प्रजाती या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. हिरवा इग्वाना त्यांपैकीच एक आहे. 2024 च्या नियमांप्रमाणे असा प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंदणी करावी लागते. पुढे तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तरी तेही कळवावे लागते.

दुकानात दिसते ते वीतभर पिल्लू असते. नर वाढून शेपटीसह दीड मीटरपर्यंत किंवा त्याहून लांब होतो आणि नीट सांभाळल्यास पंधरा-वीस वर्षे जगतो. विणीच्या काळात एरवी शांत असलेला नरही गळ्याखालची पोळी फुगवून, मान वरखाली हलवत अंगावर येतो. त्याच्या शेपटीचा फटका चाबकासारखा बसतो, आणि करवती धारेचे बारीक दात कातडी सहज फाडतात. तीन वर्षांच्या मुलीचा चेहरा त्या शेपटीच्या टप्प्यात येऊ शकतो, याचा कृपया विचार करावा. शिवाय निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेतही जुलाब-ताप आणणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. तो फिरला त्या फरशीवरून ते मुलाच्या हाताला लागतात. म्हणूनच पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नयेत, असा अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे.

हाल त्या प्राण्याचेही होतात, आणि मला त्याचे अधिक वाईट वाटते. त्याला थेट ऊन किंवा अतिनील किरणांचा खास दिवा लागतो. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात हे किरण जवळजवळ उरत नाहीत. मग कॅल्शियम अंगी लागत नाही, जबडा मऊ पडतो, पाय वाकतात.

प्राणी आधीच घरात आला असेल तर तो तलावाकाठी किंवा जंगलात मुळीच सोडू नये. फ्लोरिडात सुटलेल्या आणि सोडून दिलेल्या इग्वानांनी इतके बस्तान बसवले, की 2021 मध्ये ते पाळण्यावरच तिथे बंदी आली. वन विभागाशी संपर्क साधून नोंदणी आणि पुढील व्यवस्था विचारावी. नातवाची ओढ खरी असेल, तर त्याला पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानात न्यावे; बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या निसर्गभ्रमंतीतही त्याचे मन रमेल.