हॅनोव्हर मेसेला जाताय? आधी रेल्वे लाइन बघ, मग हॉटेल

अगं,

तुझा मेसेज वाचला. कंपनी तुला हॅनोव्हर मेसेला, म्हणजे जर्मनीतल्या त्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनाला पाठवतेय हे वाचून खरंच बरं वाटलं, भोसरीतून दरवर्षी इतके जण जातात पण बहुतेक वेळा मालक आणि मालकांचा मेहुणा. मग खाली तुझी यादी वाचली. थर्मल कुठलं घेऊ, युरो किती लागतील, पॉवर बँक चालते का, आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत 'हॉटेल व्हिसा झाल्यावर बघते'. तर ही यादी उलटी कर. थर्मल हिंजवडीच्या डेकॅथलॉनमध्ये आदल्या दिवशी पण मिळेल, हॅनोव्हरमध्ये एप्रिलातली खोली मात्र मिळणार नाही.

कारण सांगते. हॅनोव्हर म्हणजे साडेपाच लाख वस्तीचं शहर, आपल्या कोल्हापूरएवढं. आणि मेसेच्या पाच दिवसांत तिथे सव्वा लाखाच्या वर माणसं येऊन पडतात (२०२५ चा आकडा १,२७,००० होता), सोबत हजारो स्टॉलवाल्यांचा स्टाफ वेगळाच. एरवी ऐंशी-नव्वद युरोला मिळणारी साधी खोली त्या आठवड्यात तीनशे-चारशेला जाते, आणि तीही नॉन-रिफंडेबल. तू गूगलवर 'हॅनोव्हर बजेट हॉटेल' टाकून जे काही वाचशील ते सगळं बाकीच्या एक्कावन्न आठवड्यांचं खरं असतं, या एका आठवड्याचं नाही, हे डोक्यात ठेवूनच सगळं प्लॅनिंग कर.

आणि ही अडचण आजची नाही. मेसे सुरू झाली १९४७ ला, युद्धानंतर ब्रिटिशांच्या ताब्यातला भाग होता, शहर बॉम्बहल्ल्यात पार गेलेलं, रेशनिंग चालू, तेव्हा येणाऱ्यांना रेशनकार्डाशिवाय माशाचे पाव मिळायचे म्हणून लोक तिला चक्क फिशब्र्योटशन-मेसे म्हणायचे. राहायला हॉटेलं होतीच कुठे, मग घराघरातून खोल्या दिल्या गेल्या, आणि ती पद्धत आजपर्यंत टिकलीय. मेसेच्या पाहुण्यांना घरातली खोली देणाऱ्या बायकांना तिकडे मेसेमुटी म्हणतात. त्यामुळे 'मेसेत्सिमर' असं शोधलंस तर खाजगी खोल्या दिसतील, त्यात संकोच करू नकोस, सकाळचा नाश्ता मिळतो आणि कुठली ट्राम पकडायची ते घरमालकीण स्वतः सांगते. फक्त रात्री दहानंतर बॅग घरंगळत आवाज करायचा नाही, आणि पैसे बऱ्याचदा रोख लागतात.

पण माझा खरा सल्ला वेगळाय. हॉटेल शोधूच नकोस, रेल्वे लाइन शोध. मेसेच्या पश्चिमेला हॅनोव्हर मेसे/लात्सन नावाचं स्वतंत्र रेल्वे स्टेशन आहे आणि ते हॅनोव्हरच्या मुख्य स्टेशनच्या दक्षिणेला, ग्योटिंगन आणि हिल्डेसहाइमकडे जाणाऱ्या लाइनवर येतं. म्हणजे तू त्या लाइनवरच्या कुठल्याही गावात राहिलीस तर सकाळी हॅनोव्हर शहरात शिरायची गरजच नाही, थेट मेसेच्या दारात उतरायचं. हिल्डेसहाइमहून एस-४ लोकल, साधारण अर्ध्या तासाच्या आत. झार्श्टेट त्याच्याही अलीकडे. ग्योटिंगनकडून येणारी आरई-२ ही रीजनल गाडी पण तिथे थांबते. उलट सगळेजण ब्राउनश्वाइग बुक करतात कारण ते मोठं शहर आहे आणि नकाशावर जवळ दिसतं, पण तिथून आधी हॅनोव्हरच्या मेन स्टेशनला या, मग त्या गर्दीत गाडी बदला. मी तुझ्या जागी असते तर डोळे झाकून हिल्डेसहाइम घेतलं असतं. गाव छान आहे, दोन चर्चेस युनेस्कोच्या यादीत आहेत, आणि कॅथेड्रलच्या भिंतीवर एक गुलाबाचं झाड आहे ज्याला ते हजार वर्षांचं म्हणतात, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं आणि मुळातून परत फुटलं. एप्रिलात फुलं नसतील, तरी बघ.

आता तिकीट. रोज सुटी तिकिटं काढत बसण्यापेक्षा डॉइचलांडटिकेट बघ, २०२६ पासून महिन्याला ६३ युरो, देशभरातल्या सगळ्या लोकल, ट्राम, बस, रीजनल गाड्या त्यात येतात, फक्त आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या नाहीत. पण हे सबस्क्रिप्शन असतं आणि कॅलेंडरच्या महिन्यावर चालतं, म्हणजे १० तारखेच्या आत कॅन्सल केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे पण कापले जातात, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घे आणि लगेच कॅन्सल करून टाक, महिनाअखेरपर्यंत चालू राहतं. मेसेच्या एंट्री पासवर लोकल प्रवास धरलाय का तेही वाच, असेल तर हे सगळं नकोच. स्टेशनवर आपल्या मेट्रोसारखे गेट नसतात, कोणी अडवत नाही, आणि नेमका त्याच दिवशी साध्या कपड्यातला तिकीटचेकर येतो. दंड ६० युरो, 'आय डोन्ट नो' म्हणून सुटका नाही.

शहरात राहायला मिळालंच तर एवढं पक्कं लक्षात ठेव की मेसेला ट्रामची दोन वेगळी टोकं आहेत. ८ नंबर (मेसेच्या दिवसांत जोडीला १८) मुख्य स्टेशनच्या खालून सुटते आणि मेसे/नॉर्डला (उत्तर टोकाला) जाते. ६ नंबर मेसे/ओस्टला (पूर्व टोकाला) जाते पण ती मुख्य स्टेशनला येतच नाही, क्र्योप्के नावाच्या चौकात जाऊन पकडावी लागते, पाच मिनिटं चालत. तुझी पहिली मीटिंग कुठल्या हॉलमध्ये आहे ते रात्रीच बघून ठेव आणि त्यावरून टोक ठरव, कारण आत छताखालचीच जागा चार लाख चौरस मीटरच्या आसपास आहे आणि हॉलचे नंबर सत्तावीसपर्यंत जातात. चुकीच्या दारातून शिरलीस तर वीस मिनिटं गेली. लात्सन स्टेशनवरून एक काचेचा झाकलेला पूल आहे, सरकत्या पट्ट्यांचा, तो तुला वेस्ट-१ दाराशी, १३ नंबर हॉलजवळ सोडतो. आतून फिरायला शटल बस असते, ती वापर, लाजू नकोस.

मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान, तिथून आयसीईने अडीच-तीन तास. काही गाड्या एअरपोर्टवरूनच थेट आहेत, काहींना मधे बदलावं लागतं. स्वस्त तिकीट काढलंस तर ते त्याच गाडीला बांधलेलं असतं, त्यामुळे विमान उतरायची वेळ आणि गाडी यात निदान तीन तास ठेव, इमिग्रेशनच्या रांगेचा भरवसा नाही. आणि जर्मन रेल्वे वेळेवर धावते हे आपल्याकडचे काका सांगतात ते विसर, गाड्या बिनधास्त उशिरा येतात. त्यात एक सोय आहे, तुझी गाडी वीस मिनिटांपेक्षा जास्त उशिरा पोचणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि दुसऱ्या कुठल्याही गाडीने जाता येतं. साठ मिनिटांच्या वर उशीर झाला तर भाड्यातले २५ टक्के परत मागता येतात, दोन तासांच्या वर निम्मे. जर्मन रेल्वेचं डीबी नॅव्हिगेटर अॅप आत्ताच टाक. सीट रिझर्व्हेशन वेगळं घ्यावं लागतं, ते घेच, मोठी बॅग घेऊन तीन तास दरवाजात उभं राहायचं नाहीये. प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी, डी अशा पाट्या लटकतात, तुझा डबा कुठल्या अक्षरासमोर येणार ते बोर्डवर आणि अॅपमध्ये दिसतं, तिथेच जाऊन उभी राहा, गाडी फार वेळ थांबत नाही.

व्हिसाबद्दल फार लिहीत नाही, तुमच्या एचआरला माहिती असणार. एवढंच की सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ३०,००० युरोचा इन्शुरन्स लागतो, फी ९० युरो, आणि मार्चमध्ये अपॉइंटमेंटसाठी अख्खं चाकण रांगेत असतं.

आता मेसेचे दिवस. सोमवारी सकाळी जर्मनीच्या चॅन्सेलरचा, म्हणजे त्यांच्या पंतप्रधानाचा राउंड असतो, सोबत पाहुण्या देशाचे (त्याला पार्टनर कंट्री म्हणतात) बडे नेते. २०१५ ला आपणच पार्टनर कंट्री होतो, मोदी आणि तेव्हाच्या चॅन्सेलर मर्केल आलेले, शहरभर मेक इन इंडियाचा सिंह लावलेला. बघायला मजा येते पण ज्या हॉलमधून ते जातात तिथे सिक्युरिटीमुळे काम होत नाही, सोमवार सकाळ मीटिंगला देऊ नकोस. शुक्रवारी दुपारनंतर सगळे खोकी बांधायला लागतात, तेव्हा पण कोणी नीट बोलत नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे खरे दिवस, आणि त्यांच्या अपॉइंटमेंट इथूनच मेलवर ठरवून जा. जर्मन माणसाशी 'मी येते स्टॉलवर केव्हातरी' असं चालत नाही, त्याला अकरा वाजून पंधरा मिनिटं लागतात, आणि तू अकरा पंचवीसला गेलीस तर तो हसून बोलेल पण मनात तुझ्या डिलिव्हरी डेटचा हिशोब मांडून झालेला असेल. दोन मीटिंगमध्ये निदान अर्धा तास मोकळा ठेव.

कॅटलॉग गोळा करत सुटू नकोस, आपल्याकडच्या लोकांची ही जुनी सवय, संध्याकाळी हातात आठ किलो कागद आणि एअरपोर्टवर रडारड. कार्डाचा फोटो काढ, आणि त्याच मिनिटाला त्या फोटोखाली काय बोलणं झालं ते मराठीत दोन ओळी टाइप कर. म्युलर आडनाव तिकडे पैशाला पासरी, संध्याकाळपर्यंत सगळे म्युलर एकसारखे वाटायला लागतात. जॉब सॅम्पल न्यायचे असतील, तुमचे ते मशीन केलेले फ्लॅंज वगैरे, तर बॅगेत कोंबून नेऊ नकोस, परत आणायच्या मालासाठी एटीए कार्नेट नावाचं कस्टमचं कागदपत्र असतं, आपल्याकडे फिक्की ही उद्योगांची संघटना देते, कंपनीला आधी विचार.

बूट. नवे बूट घेऊन जाऊ नकोस. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं होतं, फॉर्मल दिसणारे पण जुने, पायात बसलेले घाल. जॅकेट पावसाचं हवं, एप्रिलात एकाच दिवशी ऊन, गारा आणि पाऊस होतो, आणि हॉलमध्ये मात्र गरम होतं, म्हणून थर्मलपेक्षा थरावर थर बरे. जाड कोट गार्डरोबला, म्हणजे कोट ठेवायच्या काउंटरला देऊन टाकायचा.

खाणं. तू व्हेज आहेस म्हणून जास्त लिहिते. मेसेत आत सगळं महाग, एक प्लेट नूडल्सचे पैसे बघून तुला हिशोब करावासा वाटेल, नको करू. सकाळी स्टेशनवरच्या बेकरीतून चीजचा पाव नाहीतर ब्रेत्सेल (पीळ दिलेला खारा पाव) घेऊन पिशवीत टाक. संध्याकाळी फलाफल कुठेही मिळतं. बटाट्याच्या भाजीत आणि सॅलडमध्ये बारीक श्पेक म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे असतात, 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही, श्पेक नको असं नाव घेऊन सांग. तुझ्या नशिबाने एप्रिलच्या मध्यापासून पांढऱ्या अॅस्परॅगसचा सीझन सुरू होतो, ते लोक आपल्या हापूससारखे त्याच्यामागे वेडे होतात, बटाटे आणि वितळलेलं लोणी घालून मिळतं, नक्की खा. पाणी बाटलीतलं घेतलंस तर 'श्टिल' बघून घे, नाहीतर सोडा हातात येतो, आणि रिकामी बाटली फेकू नकोस, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत. नळाचं पाणी खुशाल पी.

आणि घरून काय न्यायचं हे आईला नीट समजाव. बाहेरून युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःच्या बॅगेतून नेता येत नाहीत. म्हणजे पेढे नाही, बर्फी नाही, तुपाची बरणी नाही. एप्रिल आहे म्हणून कस्टमरला हापूसची पेटी न्यायची कल्पना तुमच्या साहेबांना सुचेलच, तीही नाही, ताज्या फळांना आरोग्य प्रमाणपत्र लागतं, कस्टमवाले काढून टाकतात आणि ते बघवत नाही. बाकरवडी, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेथीच्या दशम्या (तेलावरच्या) हे सगळं चालतं. कस्टमरला बाकरवडीचं पाकीट दे, तिखट आहे म्हणून आधी सांग.

रविवारी पोचणार असशील तर दुकानं बंद असतात, डीमार्ट-बीमार्ट काही नाही. मुख्य स्टेशनमधली दुकानं तेवढी उघडी. शंभर-दीडशे युरो सुटे रोख ठेव, बेकरीवाला कधी कधी आपलं कार्ड घेत नाही आणि टॉयलेटला नाणं लागतं.

एखादी संध्याकाळ मोकळी मिळाली तर स्टेशनसमोर राजा अर्न्स्ट आउगुस्टचा घोड्यावरचा पुतळा आहे, हॅनोव्हरचे लोक भेटायचं ठिकाण म्हणून घोड्याच्या शेपटीखाली असंच सांगतात. तिथून फुटपाथवर एक लाल रेघ रंगवलीय, सव्वाचार किलोमीटरची, ती धरून चाललीस की महत्त्वाच्या छत्तीस जागा होतात, गाइड नको. सगळं नाही जमलं तरी नवं राटहाउस, म्हणजे महापालिकेची इमारत सोडू नकोस. खालच्या हॉलमध्ये शहराची चार मॉडेल्स मांडलीत, १६८९ चं, १९३९ चं, १९४५ चं आणि आजचं. तिसऱ्यासमोर उभी राहा, घरं आहेत पण छपरंच नाहीत. मग घुमटावर जाणारी लिफ्ट घे, ती सरळ न जाता घुमटाच्या वळणाने तिरकी चढते, वर जाताना आपण कलतोय हे पायाला कळतं. इंजिनिअर आहेस, तुला मेसेतल्या निम्म्या स्टॉलपेक्षा ती आवडेल. लिफ्ट संध्याकाळी बंद होते, वेळ आधी बघ.

एकटीने फिरायची काळजी घरचे करत असतील तर सांग त्यांना, मेसेच्या आठवड्यात रात्री अकराच्या ट्राममध्ये पण गळ्यात पास लटकवलेली गर्दी असते. पास मात्र बाहेर पडल्यावर गळ्यातून काढून पर्समध्ये टाक, नावासकट सगळ्यांना वाचता येतो. पाकीटमारी स्टेशनवर होते, बाकी ठीक आहे. कस्टमरने जेवायला बोलावलं आणि बिअरचा आग्रह झाला तर 'आल्कोहोलफ्राय' (बिनअल्कोहोलची) मागायची, कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

व्हिसाची तारीख कधीची मिळते ते कळव. आणि हिल्डेसहाइमचं काही सापडलं तर पैसे भरायच्या आधी मला लिंक पाठव, स्टेशनपासून किती चालायचंय ते मी नकाशावर बघून सांगते.

तुझी
ताई