व्हीलचेअर जाईल असा फुटपाथ हवा असेल तर मुंबईत मागणी कशी करावी?

तुम्ही विचारलंय की मुलुंड पूर्वेला आईंना व्हीलचेअरवरून स्टेशनपर्यंत नेता येत नाही, तर सोसायटीने महापालिकेकडे नेमकं काय मागावं. मी स्वतः व्हीलचेअर वापरते आणि आमच्या भागात याच मागण्यांच्या मागे लागलेली असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नुसतं ‘फुटपाथ दुरुस्त करा’ असं पत्र देऊ नका. चार पेव्हर ब्लॉक बदलतात आणि तक्रार बंद होते. घर ते स्टेशन असा एकच सलग पट्टा धरा आणि मापं लिहून मागा. प्रत्येक अडथळ्याला टेप लावून फोटो काढा. आमच्याकडे सगळ्यात जास्त त्रास निघाला तो इमारतींच्या गेटचा. गाड्या आत जाव्यात म्हणून फुटपाथ प्रत्येक गेटपाशी तुटतो आणि पलीकडे पुन्हा पायरीएवढा चढतो. तिथे उतार नसला की खुर्ची रस्त्यावर घ्यावी लागते, आणि मग पुढची जागा सापडेपर्यंत रिक्षा-बसच्या मधूनच जायचं.

उताराचं प्रमाण 1:12 असं स्पष्ट लिहा. फुटपाथ 15 सेंटीमीटर उंच असेल तर उतार 1.8 मीटर लांब हवा. हातभर सिमेंट थापून त्यालाच रॅम्प म्हणतात, त्यावर चढताना खुर्ची मागे उलटू शकते. बाइक येऊ नयेत म्हणून लावलेल्या खांबांमध्ये किमान 90 सेंटीमीटर जागा मागा. या खांबांमुळे व्हीलचेअर फुटपाथवर जात नाही, याची मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. पत्रात तो उल्लेख करा, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचाही.

पत्र टी वॉर्डच्या, म्हणजे महापालिकेच्या मुलुंड विभागाच्या, सहायक आयुक्तांच्या नावे द्या आणि पोच घ्या. तुमच्या रस्त्याचं काँक्रिटीकरण निघालं असेल तर मात्र पत्राच्या उत्तराची वाट बघू नका. काँक्रीट ओतण्याआधीच साइटवरच्या इंजिनीअरला गाठा. एकदा सुकलं की ते कोणी फोडत नाही.

बसचं थोडं वेगळं आहे. बेस्टची रॅम्पवाली लो-फ्लोअर बस आली तरी ती फुटपाथला लागून उभी राहायला हवी. स्टॉपवर गाड्या लावलेल्या असल्या की बस मध्येच थांबते आणि रॅम्प असून चढता येत नाही. ही तक्रार वाहतूक पोलिसांकडे वेगळी करा.

आणि अधिकारी पाहणीला आले, आईंना जमणार असेल, तर त्यांना सोबत न्या. गेटपाशी खुर्ची इंजिनीअरलाच ढकलायला सांगा.