माउंटन बाइकची फ्रेम आवडली? आधी तिची मापं लिहून घे

फ्रेम घेऊन माउंटन बाइक स्वतः जोडायची म्हणतोयस, निवड चांगली आहे! फक्त स्वस्तात मिळतायत म्हणून चाकं उचलू नकोस. नवशिक्यांचे पैसे बहुतेक तिथेच अडकतात. मागच्या अ‍ॅक्सलचं (चाकाच्या मधल्या दांड्याचं) माप बघ: ‘बूस्ट’ हे रुंद माप १४८ मिमी, त्याआधीचं १४२. फरक सहाच मिलिमीटरचा, पण चाक बसत नाही म्हणजे नाही.

मग हे दोन:
- सीटपोस्ट (सीटखालची नळी): ३०.९ आणि ३१.६ मिमी व्यासाचे डोळ्यांना सारखेच दिसतात. नळीवरचा आकडा वाच.
- फ्रीहब (मागच्या चाकाचा, गिअरची चक्रं बसतात तो भाग): शिमानोची १० दातांपासूनची १२-स्पीड कॅसेट (गिअरच्या चक्रांचा संच) ‘मायक्रो स्प्लाइन’ प्रकारच्या फ्रीहबवरच बसते.

फ्रेमचे पैसे दिले नसशील तर बॉटम ब्रॅकेट (पेडलचा दांडा फिरतो ते बेअरिंग) आट्यांचाच बघ. मुंबईच्या आरेतल्या पावसाळी चिखलात प्रेस-फिट (आट्यांशिवाय दाबून बसवलेला) लवकर कुरकुरतो, काढायलाही कटकट. सस्पेन्शनचं (धक्के झेलणाऱ्या भागांचं) ट्यूनिंग नंतर. फ्रेमचं मॉडेल आणि साल कळव, भागांची यादी मिळून करू.