ऑइल कधी बदलायचे? घरातल्या वादांना उत्तरे

यंत्र-अवजारे : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात ट्रॅक्टरच्या ऑइलवरचीच पत्रे इतकी आली की हे पान त्यालाच दिले आहे. बहुतेक पत्रांत यंत्राची तक्रार कमी आणि माणसांचा वाद जास्त आहे. वडील एक म्हणतात, मुलगा दुसरे. शोरूमचा मेकॅनिक एक सांगतो, गावातला मिस्त्री त्याच्या उलट. आम्ही कोणाची बाजू घ्यायची नाही असे ठरवले होते, पण काही ठिकाणी ती घ्यावीच लागली.

प्रश्न : आमचा ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. वडील वर्षातून एकदाच, खंडेनवमीच्या पूजेआधी ऑइल बदलतात. मी म्हणतो, पुस्तकात २५० तास लिहिलेत तर २५० तासांना बदलू. वडील म्हणतात, “नवीन ऑइल टाकलं तरी दोन दिवसांत काळं होतं, मग काय रोज बदलायचं का?” गेल्या वर्षी रोटाव्हेटर आणि ऊस वाहतूक धरून सहाशेच्या वर तास झाले. कोणाचं खरं? — शेतकरी, ता. माळशिरस

उत्तर : रंगाच्या बाबतीत वडील बरोबर आहेत, तासांच्या बाबतीत तुम्ही.

डिझेल इंजिनात काजळी तयार होतेच. ती पिस्टनच्या खाचांत आणि चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) तळाशी बसू नये म्हणून ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट घातलेले असतात. ते काजळीचे कण सुटे ठेवतात, त्यामुळे ऑइल लगेच काळे दिसते. काळे झाले म्हणजे ऑइल आपले काम करते आहे. उलट, दीडशे तासांनंतरही ऑइल पिवळे दिसत असेल तर आम्हाला त्या डब्यातल्या मालाचीच शंका येईल.

अडचण येते ती ही रसायने संपल्यावर. मग काजळी एकमेकींना चिकटते, गाळ बनतो, आणि तो आधी ऑइल पंपाच्या जाळीवर नि फिल्टरमध्ये बसतो. हे ऑइलची पातळी बघायच्या काडीकडे बघून कळत नाही. अंदाज घ्यायचाच असेल तर गरम ऑइलचा एक थेंब टिपकागदावर टाका आणि काही तास आडवा ठेवा. डाग मधून बाहेर हळूहळू फिका होत गेला तर ठीक. मध्ये दाट काळा गोळा आणि त्याला धारदार कडा असेल तर ऑइल संपले आहे. कडेला पातळ तेलकट कडे उमटले तर डिझेल मिसळत असण्याची शक्यता. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण घरातला वाद मिटवायला पुरते.

तुमच्या सहाशे तासांना एकच बदल म्हणजे दुपटीहून जास्त ताण आहे. त्यातही तास कसे मोजले जातात ते पाहा. जुन्या ट्रॅक्टरवर केबलने चालणारा मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. ठरावीक आरपीएमला एक तास भरतो, रांगत्या (काम नसताना नुसत्या हळू चालणाऱ्या) इंजिनावर तो हळू पुढे सरकतो. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवण्याची सवय असेल तर ते तास मीटरवर पूर्ण दिसत नाहीत. आणि रांगते इंजिन ऑइलला वाईटच: इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल नीट जळत नाही, काजळी वाढते. इलेक्ट्रिक मीटर मात्र घड्याळाचेच तास दाखवतो.

एक गोष्ट वडिलांच्या बाजूने. पूर्वी डिझेलमध्ये गंधक जास्त असे, त्याचे आम्ल ऑइलला लवकर मारत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळते, त्यात गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग आहे. आम्लाचा त्रास कमी झाला, काजळी आणि धुळीचा झाला नाही. काही नव्या मॉडेलांच्या पुस्तकांत ४०० किंवा ५०० तास लिहिलेले असतात. ते त्या कंपनीने सांगितलेल्या ऑइल आणि फिल्टरपुरतेच. तुमच्या पुस्तकात २५० आहे, तर २५०. कोरड्या रानात रोटाव्हेटर जास्त चालत असेल तर २०० वर बदलले तरी पैसे वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही.

ज्यांचा ट्रॅक्टर वर्षात शंभर तासही चालत नाही त्यांनी वर्षातून एकदा बदलावे, पण खंडेनवमीऐवजी पावसाळ्याआधी, ट्रॅक्टर उभा करण्यापूर्वी. वापरलेल्या ऑइलमधले आम्ल आणि ओल चार महिने बेअरिंगवर कशाला बसू द्यायची? पूजा खंडेनवमीलाच होऊ द्या.

प्रश्न : आम्हा तिघा भावांत एक ट्रॅक्टर. ज्याच्या पाळीला २५० तास भरतात त्याच्यावर ऑइलचा खर्च पडतो, म्हणून प्रत्येक जण दहा-वीस तास पुढे ढकलतो. — ता. निफाड

उत्तर : ऑइलचा खर्च तासावर लावा. समजा सात लिटर ऑइल ३०० रुपये लिटरने, फिल्टर आणि वॉशर धरून एकूण २,५०० रुपये. २५० तासांनी भागले की तासाला १० रुपये. त्याच तासाला चार लिटर डिझेल जळाले तर ते ९० रुपयांच्या भावाने ३६० रुपये. म्हणजे ज्यावरून भाऊ-भाऊ बोलेनासे होतात तो खर्च डिझेलच्या तीन टक्केही नाही. वहीत पाळी संपताना मीटरचा आकडा लिहा आणि तासामागे १० रुपये डब्यात टाका. पुढे ढकलण्यात कोणाचाच फायदा राहणार नाही.

प्रश्न : माझं इंजिन १९९८चं आहे. शोरूमवाले १५डब्ल्यू-४० सीआय-४ टाका म्हणतात. मिस्त्री म्हणतात, जुन्या इंजिनाला २०डब्ल्यू-४० जाड ऑइलच हवं, नाहीतर ऑइलचं प्रेशर पडतं. — ता. वरोरा

उत्तर : दोघे ज्या आकड्यावरून भांडत आहेत तो आपल्याकडे फारसा महत्त्वाचा नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो. नंतरचा ४० हा १०० अंशांवरच्या दाटपणाचा वर्ग. इंजिन तापल्यावर दोन्ही ऑइल एकाच वर्गातली. चंद्रपूरच्या हिवाळ्यात २०डब्ल्यूही व्यवस्थित वाहते. हिवाळ्यात पहाटे चालू करताना १५डब्ल्यू जरा लवकर वर पोचते, एवढाच फरक.

महत्त्वाची आहेत ती अक्षरे. सी म्हणजे डिझेलसाठी, एस म्हणजे पेट्रोलसाठी. सीएफ-४ हा १९९० चा दर्जा, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा, सीके-४ २०१६ चा. पुस्तकातल्यापेक्षा नंतरचा दर्जा जुन्या इंजिनात चालतो. आधीचा नव्यात चालत नाही. तुमच्या १९९८ च्या इंजिनात सीआय-४ बिनधास्त टाका, १५ असो की २०. मोटारसायकलचे उरलेले ऑइल ‘तेच तर आहे’ म्हणून ओतू नका.

गरम झाल्यावर प्रेशर पडत असेल तर कारण बहुधा बेअरिंगची झीज, ऑइल पंप, प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह किंवा जाळीवरचा गाळ हे असते. जाड ऑइलने गेजचा काटा वर येतो, झीज तशीच राहते. मिस्त्रींनी आधी गेज बदलून खरे प्रेशर मोजावे. जुने गेज खोटे बोलतात.

याच पत्रात हायड्रोलिकमध्येही तेच इंजिन ऑइल टाकता येईल का असे विचारले आहे. ऑइल ब्रेकचा ट्रॅक्टर असेल तर मुळीच नाही. ब्रेकच्या प्लेटा त्याच हाउसिंगमधल्या तेलात बुडालेल्या असतात; चुकीच्या तेलात त्या ओरडतात आणि घसरतात. पुस्तकातले ट्रान्समिशन-हायड्रोलिक ऑइलच वापरा.

प्रश्न : ऑइल फिल्टर दर वेळी न बदलता एका ऑइलबदलाआड बदलला तर चालतो का? आणि ऑइल काढल्यावर डिझेलने इंजिन धुऊन घ्यावं असं काही जण सांगतात. — ता. गडहिंग्लज

उत्तर : दोन्हीला नाही. जुन्या फिल्टरमध्ये अर्धा लिटर किंवा जास्त घाण ऑइल राहते, ते नव्यात मिसळते. फिल्टर चोंदला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगला जाते. इंजिन चालू राहते म्हणून कोणाला कळत नाही. तीनशे-चारशे रुपयांचा हा फिल्टर वाचवण्यासारखा नाही.

डिझेलने धुताना ते सगळे बाहेर येत नाही. कोपऱ्यांत, नळ्यांत, पंपात राहते आणि नवे ऑइल पातळ करते. शिवाय वर्षानुवर्षे बसलेला गाळ एकदम सुटून जाळी बुजवू शकतो.

बदलायची रीत अशी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवा, बंद करा. ऑइल गरम असतानाच चेंबरचा ड्रेन नट काढा, वीस मिनिटे निथळू द्या. थंड ऑइलबरोबर गाळ बाहेर येत नाही. नटावर लोहचुंबक असेल तर त्यावरचे लोखंड पाहा: बारीक राखेसारखे असेल तर नेहमीचे, बोटाला टोचणारे तुकडे असतील तर इंजिन उघडायची वेळ आली. नटाखालचा तांब्याचा वॉशर नवा घाला. जुना पुन्हा वापरून नट जास्त आवळल्याने चेंबरचे आटे जातात, आणि हे नुकसान आम्ही सर्वात जास्त वेळा पाहिले आहे. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावा, जुन्याचे रबर इंजिनाला चिकटून राहिले नाही ना ते बघा, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. पान्हा नको. फिल्टर उभा बसत असेल तर आधी ऑइलने भरून घ्या.

३५ ते ५० एचपीच्या तीन सिलिंडर ट्रॅक्टरला साधारण ६ ते ८ लिटर लागते, पण पुस्तकातल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी टाकून मग काडी बघा. स्टॉप नॉब ओढून आठ-दहा सेकंद स्टार्टर मारा, मग चालू करा. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. दोन मिनिटे रांगते ठेवा, बंद करा, दहा मिनिटांनी काडी पुन्हा बघून वरच्या खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर नको: क्रँक ऑइलवर आपटते, फेस होतो, आणि फेस बेअरिंगला वंगण देत नाही.

नवे किंवा नुकतेच बांधलेले इंजिन असेल तर पहिला बदल ५० तासांना. बसणाऱ्या भागांचा चुरा त्यातच निघतो.

प्रश्न : ड्रायव्हर म्हणतो, आपलं इंजिन ऑइल खातच नाही, उलट काडीवर थोडं वाढलेलंच दिसतं. चांगलं लक्षण ना? — ता. सेलू

उत्तर : ट्रॅक्टर आज चालू करू नका.

ऑइल आपोआप वाढत नाही. त्यात डिझेल किंवा पाणी येते आहे. काडीला डिझेलचा वास आणि ऑइल पातळ असेल तर फीड पंपाचा डायफ्रॅम, इंजेक्शन पंपाचे सील किंवा ठिबकणारे नोजल तपासा. नोजलमधून गळणारे डिझेल लायनरवरचा (पिस्टन ज्या नळीत फिरतो तिच्यावरचा) ऑइलचा थर धुऊन टाकते, मग पिस्टनच्या रिंगा कोरड्या घासतात. ऑइल दुधाळ असेल तर पाणी: हेड गॅस्केट किंवा लायनरच्या तळाचे रबर रिंग. खात्री करायची तर ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी ड्रेन नट हळूच सैल करा. पाणी जड, ते आधी येईल. रेडिएटरची पातळीही बघा. कारण सापडेपर्यंत नुसते ऑइल बदलणे म्हणजे नवे ऑइल वाया घालवणे.

उलट तक्रार करणाऱ्यांसाठी: १०० लिटर डिझेलमागे अर्ध्या लिटरपेक्षा जास्त ऑइल जात असेल आणि निळा धूर असेल तर आधी बाहेरची गळती, मग ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी), मग रिंगा पाहा. आणि वरून ऑइल टाकत राहिलो म्हणजे बदलायची गरज नाही, हे खरे नाही. गाळ आणि आम्ल आत तसेच असते.

प्रश्न : ऑइल वेळेवर बदलूनही दोन हजार तासांत इंजिन धूर मारायला लागलं. — ता. जत

उत्तर : एअर फिल्टर बघा. तुमच्या भागातली धूळ म्हणजे बारीक वाळूच, आणि ती लायनर-रिंगा इतक्या लवकर खाते की ऑइलचा काही इलाज चालत नाही. ऑइल बाथचा (खालच्या वाटीतल्या ऑइलमध्ये धूळ अडवणारा) फिल्टर असेल तर धुळीच्या कामात रोज वाटी काढा. तळाला बोटाच्या पेरभर चिखल दिसला की जुने ऑइल काढून टाका, वाटी डिझेलने धुऊन पुसा, खुणेपर्यंत इंजिन ऑइल भरा. खुणेच्या वर भरले तर इंजिन ते ओढते. जास्त ओढले तर स्टॉप नॉब ओढूनही इंजिन बंद होत नाही, वेग वाढतच जातो. कोरडा फिल्टर टायरवर आपटून साफ करू नका, कागद फाटतो. हवा आतून बाहेर, दोन किलोच्या आत दाबाने. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. शेवटी फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप वाकवून भेगा पाहा. त्या भेगेतून आलेली हवा कोणत्याच फिल्टरमधून जात नाही.

प्रश्न : पॉवर वीडरच्या पेट्रोल इंजिनात ऑइल किती आणि कधी? — ता. जुन्नर

उत्तर : साडेपाच एचपीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात साधारण ६०० मिली. पहिला बदल २० तासांना, नंतर १०० तासांना किंवा सहा महिन्यांनी. फिल्टर नाही, म्हणून उशीर नको. टू-स्ट्रोक ब्रश कटरला वेगळे चेंबर नसते, ऑइल पेट्रोलमध्येच: १:५० सांगितले असेल तर लिटरमागे २० मिली, १:२५ असेल तर ४०. फोर-स्ट्रोकच्या टाकीत मात्र ऑइल मिसळू नका.

प्रश्न : काढलेल्या ऑइलचं काय करावं? गोठ्यात गोचिडांवर लावतात. — ता. भोर

उत्तर : लावू नका. त्यात झिजलेले धातू आणि कर्करोगकारक संयुगे असतात, आणि जनावर अंग चाटते. गोचिडांसाठी पशुवैद्यकाकडून औषध घ्या. विहिरीजवळ किंवा ओढ्यात ऑइल ओतणे तर त्याहून वाईट. वापरलेले ऑइल घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येते. झाकणाच्या डब्यात साठवा, त्यात डिझेल-पाणी मिसळू देऊ नका, आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना माल देणाऱ्या गॅरेजला किंवा डीलरला द्या.