शेळीच्या चौथ्या पोटातला पिळाचा जंत कोणता, हे कशावरून ठरवायचे?

कापलेल्या बोकडाच्या चौथ्या पोटात लाल-पांढरा पीळ असलेले, इंचभर लांबीचे बारीक जंत दिसले, ते कोणते, आणि सगळेच गोलकृमी दोऱ्यासारखे असताना त्यांच्या जाती वेगळ्या कशा ओळखतात, असे आपण विचारले आहे. मी पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना परजीवीशास्त्र शिकवते. सूक्ष्मदर्शकावर पहिल्यांदा बसणारी मुले नेमका हाच प्रश्न विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या वर्णनावरून तो बहुधा हिमॉन्कस कंटॉर्टस असावा. ‘कंटॉर्टस’ या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘पिळलेला’. मात्र हा पीळ फक्त मादीत दिसतो. प्यायलेल्या रक्ताने तिचे आतडे लाल होते आणि अंडाशय व गर्भाशयाच्या पांढऱ्या नळ्या त्याभोवती वेढे घेतात. नर आकाराने लहान आणि अंगभर एकसारखा तांबूस असतो. नमुना फॉर्मॅलिनमध्ये राहिला की ही लालीही उतरत जाते. शिवाय आपल्याकडच्या गाई-म्हशींच्या, क्वचित शेळ्या-मेंढ्यांच्याही चौथ्या पोटात मेसिस्टोसिरस डिजिटॅटस नावाचा जंत सापडतो. त्याच्या मादीलाही असाच पीळ असतो. म्हणून केवळ रंग पाहून नाव सांगणे मला योग्य वाटत नाही.

नाव पक्के करायचे तर जंताची दोन्ही टोके पाहावी लागतात, आणि त्यासाठी नर हाताशी हवा. जिवंत जंत गरम केलेल्या सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये टाकला की तो सरळ होऊन मरतो; थंड द्रावणात टाकला तर वेटोळे करतो आणि मग शेपटी नीट पाहता येत नाही. त्यानंतर काचपट्टीवर लॅक्टोफिनॉलच्या थेंबात ठेवला की हळूहळू त्याचे अंग पारदर्शक होऊ लागते. हिमॉन्कसच्या डोक्याकडे पाहिले तर मानेच्या दोन्ही बाजूंना मागे वळलेला एकेक काटा दिसतो, आणि इवल्याशा तोंडात एकच टोकदार सुळा असतो. त्या सुळ्यानेच तो पोटाच्या अस्तराला जखम करतो. नराच्या शेपटीला पंख्यासारखी पसरट झालर असते, तिला बर्सा म्हणतात. पंख्याला काड्या असाव्यात तसे या झालरीला मांसल किरण आधार देतात. झालरीचे दोन मोठे पाळे दोन बाजूंना असतात, पण पाठीकडचा छोटा पाळा मधोमध नसून डाव्या अंगाला सरकलेला असतो आणि त्यातल्या किरणाला दोन फाटे फुटलेले दिसतात. जवळच तपकिरी रंगाच्या, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीच्या दोन कठीण सळ्या, म्हणजे स्पिक्यूल असतात. प्रत्येकीच्या टोकाजवळ बारीक आकडा असतो. मेसिस्टोसिरसचे स्पिक्यूल याच्या कितीतरी पट लांब असतात आणि त्याच्या मादीचे जननछिद्र अगदी गुदद्वाराजवळ असते. हिमॉन्कसच्या मादीत ते बरेच पुढे असून बहुतेकदा त्यावर त्वचेचा पडदा असतो.

इतर गोलकृमींनाही हीच रीत लागू पडते. अंगावर वळ्यांचे खंड नाहीत, बाहेर चिवट आवरण (क्युटिकल) आणि आत तोंडापासून गुदद्वारापर्यंत सरळ नळी, ही ठेवण सगळ्यांची सारखीच. भेद सापडतात ते तोंडात, घशात आणि नराच्या शेपटीत. रेडकांच्या आतड्यातल्या मोठ्या जंताला तीन ओठ असतात, कुत्र्याच्या अंकुशकृमीच्या तोंडात दातांच्या तीन जोड्या असतात, तर चाबूककृमीचा पुढचा केसासारखा बारीक भाग म्हणजे जवळजवळ सगळा घसाच. बर्सा असलेल्या जंतांचा स्ट्रॉंजिलिडा हा एक मोठा गट केला गेला. हिमॉन्कस, अंकुशकृमी आणि फुप्फुसातले बरेच जंत त्यात येतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. १९९८ मध्ये मार्क ब्लॅक्स्टर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या कणाच्या) जनुकाची तुलना करून गोलकृमींच्या पाच मुख्य शाखा दाखवल्या. त्यांत प्राण्यांवरचे परजीवी एका शाखेत एकत्र न येता वेगवेगळ्या शाखांवर विखुरलेले निघाले, म्हणजे परजीवी जीवन गोलकृमींमध्ये अनेकदा स्वतंत्रपणे सुरू झाले. आपल्या बोकडातला हिमॉन्कस हा रेडकाच्या मोठ्या जंतापेक्षा प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या, मुक्त जगणाऱ्या सी. एलेगन्सचा जवळचा नातलग आहे. स्ट्रॉंजिलॉइडीस या जंताचे नाव स्ट्रॉंजिलिडा गटातल्या स्ट्रॉंजिलससारखे असले, तरी तो बसतो टोमॅटोच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या (म्हणजे गोलकृमीच्याच) शाखेत. यामुळे घशाच्या आकारावर किंवा शेपटीच्या ज्ञानेंद्रियांवर बेतलेली काही जुनी वर्गवारी मोडली. बर्सा असलेल्यांचा गट मात्र एकत्रच राहिला, म्हणजे जुन्या अभ्यासकांनी नराच्या शेपटीवर ठेवलेला भरवसा वाया गेला नाही.

ही ओळख कळपाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एक हिमॉन्कस दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त काढतो. हजार जंत असतील तर रोज ५० मिलिलिटर, आणि २० किलोच्या शेळीच्या अंगात सगळे मिळून दीड लिटरच्या आसपासच रक्त असते. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या पडणे आणि जबड्याखाली पाणी उतरणे ही त्याचीच लक्षणे. लेंड्यांमधली अंडी पाहून जात सांगता येत नाही, कारण या कुळातल्या बहुतेक जंतांची अंडी सारखीच दिसतात. लेंड्या ओलसर ठेवून साधारण आठवडाभराने अळ्या तपासाव्या लागतात. पुन्हा असे जंत मिळाले, तर पीळ असलेल्या माद्यांबरोबर लहान, तांबूस, शेपटीकडे जाडसर दिसणारेही दहा-बारा जंत अल्कोहोलमध्ये घालून जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परजीवीशास्त्र विभागात द्यावेत, आणि बाटलीवर जनावर, अवयव व तारीख पेन्सिलीने लिहावी, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते.