शंभरपर्यंत म्हणते, पण सहा चमचे आणता येत नाहीत

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. एक ते शंभर घडाघडा म्हणते, पाहुण्यांसमोरही म्हणून दाखवते. पण रविवारी पोह्यांसाठी "सहा चमचे आण" म्हटलं तर मूठभर घेऊन आली. मोजायला बसवलं की दर वेळी वेगळाच आकडा. शाळेतून वहीत आकडे गिरवायला असतातच. घरी आणखी सराव घेऊ का?
– एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : वही शाळेपुरतीच राहू द्या. ती म्हणते ते पाठांतर आहे, शुभंकरोतीसारखं. त्यात वाईट काही नाही, पुढे उपयोगीच पडेल. पाहुण्यांसमोरचा कार्यक्रम मात्र बंद करा बाई, त्यानं मुलीपेक्षा आपणच जास्त खूश होतो.

एकदा सात चिंचोके तिच्यापुढे विखरून ठेवा आणि काही न शिकवता नुसतं बघा. बोट अजून तिसऱ्यावर असतं आणि तोंड पाचावर पोचलेलं असतं. एक चिंचोका दोनदा मोजला जातो, कडेचा राहूनच जातो. मोजून झालं की विचारा, "मग किती आहेत?" उत्तर न देता ती पुन्हा एकपासून सुरू झाली, तर शेवटी म्हटलेला आकडा हाच सगळ्यांचा मिळून असतो, हे तिला अजून उमगलेलं नाही. या वयात हे सर्रास दिसतं. काळजी नको.

आता स्वयंपाकघरातलं आप्पेपात्र काढा. सात खळग्यांचं असेल तर उत्तम. एका खळग्यात एकच चिंचोका, टाकताना एकच आकडा. हात, डोळे आणि तोंड आपोआप एका चालीनं चालायला लागतात. हे जमलं की पाचच टाकायला सांगा आणि विचारा, "किती घरं रिकामी राहिली?" पाच आणि दोन सात हे तिला तिथे दिसतं. बेरजेचं नावही काढू नका. (धाकटं रांगतं मूल घरात असेल तर चिंचोके नकोतच, नाकात जातात. लिंबं घ्या.)

मग मुठीचा खेळ. पाच चिंचोके तिला मोजून दाखवा, दोन्ही हात पाठीमागे न्या, पुढे आणताना एक तळवा उघडा ठेवा. त्यात तीन दिसताहेत, तर बंद मुठीत किती? चुकली तर "चूक" म्हणायचं नाही, मूठ उघडायची. थोड्या वेळानं तिला मूठ धरू द्या. आईला फसवण्यात मुलांना जी मजा येते ती वहीत कुठून येणार!

सगळ्यात माझा भर मात्र कवड्यांवर. आजीच्या डब्यात चंगसच्या (कवड्या टाकून सोंगट्या सरकवायच्या जुन्या खेळाच्या) चार कवड्या सापडतील. तीन-चारपर्यंतच्या वस्तू लहान मुलांनाही न मोजता एका नजरेत कळतात, म्हणून चारच कवड्या योग्य. उताण्या पडतील तेवढं दान. सगळ्या पालथ्या पडल्या की आठ, हा मोठ्यांचा नियम सध्या बाजूला ठेवा; तिच्यासाठी ते शून्य. सोंगटी जागची हलत नाही म्हणजे शून्य, हे मुलांना चटकन पटतं.

पट म्हणून ओट्यावर खडूनं एका सरळ रेषेत दहा घरं आखा, डावीकडून उजवीकडे १ ते १०. अमेरिकेतल्या रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये असाच १ ते १० चा सरळ पट गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांकडून खेळवून घेतला. थोड्याच बैठकांत त्यांना कोणता आकडा मोठा हे जास्त नीट सांगता यायला लागलं. दुसऱ्या मुलांच्या पटावर आकड्यांऐवजी नुसते रंग होते. त्यांच्यात ती सुधारणा दिसली नाही. यात एक खुबी आहे. सोंगटी ५ वर असताना दोनचं दान पडलं तर "एक, दोन" म्हणत सरकायचं नाही, "सहा, सात" म्हणायचं. पहिल्यांदा तुम्ही तिच्याबरोबर म्हणा. पुढे कधी कंटाळा आला की पट उलटा खेळा, १० वरून खाली.

आणि चमचे आणायचं काम तिच्याकडून काढून घेऊ नका. "सहा आण" ऐवजी आधी "प्रत्येक बशीला एक आण" म्हणा. बशा मांडलेल्या असल्या की एखादा चमचा कमी पडला तर तिलाच दिसतो.

प्रश्न : नातू पहिलीत आहे. बोटांवर बेरजा करतो म्हणून शाळेतल्या बाई रागावतात. सवय कशी मोडावी?
– एक आजोबा, रामबाग, इंदूर

उत्तर : मोडू नका. बोटं म्हणजे त्याच्याजवळचे हक्काचे दहा मणी. मात्र आपण जप करताना पेरं मोजतो तसं त्याला शिकवू नका. एका बोटाची तीन पेरं झाली की पाच आणि दहाचा हिशेब हरवतो. पूर्ण बोटंच वापरू दे. आठ दाखवताना तो एकेक बोट उघडतो का, ते बघा. तसं असेल तर "एक अख्खा पंजा, वर तीन" असं झटक्यात दाखवायचा खेळ खेळा, आळीपाळीनं, तुम्ही आकडा सांगायचा आणि त्यानं हात उचलायचे. दहाच्या आतल्या जोड्या पाठ व्हायला लागल्या की बोटं त्याची त्यालाच अडचण वाटू लागतील. बाईंशी भांडायला जाऊ नका, पण हे एकदा त्यांच्या कानावर घाला.