हायड्राची कळी आणि डकवीडची लेक

प्रश्न : बरणीत तळ्याचं पाणी ठेवलं आहे. वर तरंगणाऱ्या डकवीडच्या हिरव्या टिकलीला कडेने नवी टिकली फुटते. तिच्याच खाली लटकलेल्या हायड्रालाही अंगातून कळी येते. दोघांची रीत एकच, मग एक वनस्पती आणि दुसरा प्राणी कसा?

उत्तर : हाच प्रश्न १७४० साली अब्राहम ट्रेंब्ले या निसर्ग-अभ्यासकांना पडला होता. छडा लावायला त्यांनी हायड्राचे दोन तुकडे केले. दोन्ही तुकडे वाढून पूर्ण झाले, म्हणजे लक्षण वनस्पतीचं! पण तो सरकतो, भक्ष्य धरून गिळतो, हे पाहून त्यांनी त्याला प्राण्यांत बसवलं.

तुमच्या टिकलीची, बहुधा लेम्ना मायनरची, गोष्ट वेगळी. ती सपुष्प वनस्पती आहे, फक्त फुलते क्वचित. प्रकाशावर स्वतःचं अन्न स्वतः करते. हायड्राला शिकार लागते; उपाशी ठेवलात तर कळ्या येणं थांबतं. कळी सुटेपर्यंत तिची पोटाची पोकळी आईच्या पोकळीला जोडलेली असते, त्यामुळे आईने गिळलेल्या डाफ्नियाचा (पाण्यातल्या इवल्या कवचधारी जिवाचा) रस तिलाही मिळतो. भिंगातून हे जरूर बघा, फार सुंदर दिसतं.

मला मात्र खरा फरक आईच्या वयात दिसतो. डकवीडची टिकली ठरावीक लेकी देते, मग पिवळी पडून मरते. उतारवयातल्या लेकी आकारानेही लहान निघतात. हायड्राच्या धडातल्या मूलपेशी, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या पेशी, विभागतच राहतात. जुन्या पेशी शुंडकांच्या (तोंडाभोवतीच्या धाग्यांसारख्या अवयवांच्या) टोकांकडे आणि तळाकडे ढकलल्या जाऊन गळतात, काही कळ्यांत जातात. हायड्राच्या काही जाती प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं नीट सांभाळल्या, तरी वयाबरोबर त्यांचा मृत्युदर वाढलेला दिसला नाही. सगळ्याच जाती अशा नाहीत हं. हायड्रा ऑलिगॅक्टिस थंडीत अंडी-शुक्राणू तयार करू लागला की खंगत जातो.

डकवीडच्या लेकी लहान होत जातात का, हे स्वतः बघायचं तर बरणीतल्या गर्दीत आई कोण नि लेक कोण, हे कळणार नाही. म्हणून एकच टिकली तळ्याच्याच पाण्यात वेगळ्या वाटीत घ्या, उजेडात ठेवा. लेक आपोआप सुटली की चिमट्याने बाजूला काढा, ओढून तोडू नका. प्रत्येकीची रुंदी मोजपट्टीवर मांडून लिहून ठेवा.